सोरायसिस आणि मातृत्व : भय कशाचे बाळगावे?

(वार्षिक संमेलनात झालेल्या भाषणाचा पाठ)



आपल्या संमेलनात दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, वधू-वर परिचय होतो, जमाखर्च वाचला जातो. यंदा कार्यकारी मंडळाने आरोग्याचा एक विषय घ्यावयाचे ठरविले आणि त्यावर बोलण्याची कामगिरी माझ्याकडे सोपविली. मी डॉक्टर नव्हे व वैद्यही नव्हे. मॅट्रिक होऊन खेड्यापाड्यांतील शाळांत आयुष्य वेचलेला व आता निवृत्त झालेला एक शिक्षक आहे. परंतु जे आपणास समजले ते दुसऱ्यास सोप्या शब्दांत समजावून देणे हा शिक्षकाचा धर्म आहे, आणि तो निवृत्तीबरोबर संपत नाही. कोणते औषध किती घ्यावे हे मी सांगणार नाही. ते डॉक्टरांचे काम. डॉक्टरांकडे केव्हा जावे आणि तेथे काय बोलावे, एवढे मात्र मी सांगू शकेन.

विषय नाजूक आहे. वधू-वर परिचयाच्या वेळी मांडवाच्या एका कोपऱ्यात कुजबुज चालते : "मुलगी शिकलेली आहे, स्वभावाने चांगली आहे, पण तिच्या अंगावर खवल्यांचे चट्टे आहेत म्हणतात. पुढे मुलेबाळे धड होतील काय?" हा प्रश्न उघडपणे कोणी विचारीत नाही, म्हणून त्याचे उत्तरही उघडपणे कोणी देत नाही. विचारणाऱ्याच्या मनात भय असते आणि जिच्याविषयी विचारले जाते तिच्या मनात संकोच असतो. या दोहोंच्या कचाट्यात औषधोपचार सापडतो. मला आज जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे : सोरायसिस असलेल्या बहुसंख्य स्त्रिया निरोगी बालकांच्या माता होतात. भय बाळगावयाचेच असेल तर ते चट्ट्यांचे नव्हे, रोग लपविण्याचे व औषधांविषयीच्या अज्ञानाचे बाळगावे.

प्रथम हा रोग म्हणजे काय ते पाहू. आपली कातडी सतत नवी होत असते. तळाच्या थरात तयार झालेली पेशी हळूहळू वर येते आणि गळून पडते. या प्रवासास सुमारे एक महिना लागतो. सोरायसिसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक शक्ती विनाकारण चेतविली जाते आणि हाच प्रवास तीन-चार दिवसांत उरकतो. जुना थर गळण्यापूर्वीच नवा येऊन थडकतो. त्यामुळे लाल चट्टे उमटतात व त्यांवर चांदीसारखे पांढरे खवले साचतात. कोपर, गुडघे, डोके व कंबर या त्याच्या नेहमीच्या जागा. काहींची नखे बिघडतात, काहींचे सांधे दुखू लागतात. हा रोग जंतूंमुळे होत नाही. म्हणून तो स्पर्शाने लागत नाही, एका ताटात जेवल्याने लागत नाही, एका अंथरुणावर निजल्यानेही लागत नाही. भारतातील निरनिराळ्या पाहण्यांत शंभर माणसांत अर्ध्या माणसापासून ते जवळजवळ तीन माणसांपर्यंत त्याचे प्रमाण आढळले आहे. म्हणजे या मंडपात बसलेल्या समुदायातही काही जणांना तो असणारच. तो कायमचा नाहीसा करणारे औषध अद्याप नाही. परंतु तो ताब्यात ठेवता येतो, आणि योग्य उपचाराने कातडी दीर्घकाळ स्वच्छ राहू शकते.

मग एवढे भय का? त्याचे एक कारण नावात आहे. आयुर्वेदाने त्वचेच्या अनेक विकारांना मिळून 'कुष्ठ' हे एकच नाव दिले व त्याचे अठरा प्रकार मानले. सोरायसिसशी जुळणारी लक्षणे 'एककुष्ठ' आणि 'किटिभ' या प्रकारांत सांगितलेली आहेत. पुढे लोकभाषेत कुष्ठ म्हणजे महारोग एवढाच अर्थ उरला, आणि चट्टा दिसला की मन तिकडेच धावू लागले. हा घोटाळा आपल्याकडेच झाला असे नाही. युरोपातही शतकानुशतके सोरायसिसच्या रोग्यांना महारोगी समजत. व्हिएन्ना येथील त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ साली हे दोन रोग स्पष्टपणे वेगळे केले. महारोग जंतूंमुळे होतो व आज औषधांनी पूर्ण बरा होतो, म्हणून त्याचेही भय आता उरू नये. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून नमूद होते. संसदेने २०१९ साली ते काढून टाकले. कायदा बदलला, आता मने बदलावयाची राहिली आहेत. सोरायसिसविषयी म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने मे २०१४ मध्ये ठराव करून तो संसर्गजन्य नसलेला, दीर्घकाळ चालणारा व माणसास समाजात अपमान सोसावयास लावणारा गंभीर विकार असल्याचे मान्य केले आणि ही अवहेलना थांबविण्याचे आवाहन सर्व राष्ट्रांना केले.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. सोरायसिस असलेल्या स्त्रीला दिवस गेले म्हणजे काय होते? गर्भ हा आईच्या शरीरात एका अर्थाने पाहुणा असतो. त्याचा स्वीकार व्हावा म्हणून निसर्ग आईची रोगप्रतिकारक शक्ती थोडी शांत करतो, आणि संप्रेरकेही वाढतात. सोरायसिस ज्या शक्तीच्या अतिरेकाने होतो तीच शांत झाल्यामुळे पुष्कळ स्त्रियांचे चट्टे या काळात आपोआप कमी होतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथील डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत शंभरांपैकी ५५ जणींचा रोग गर्भारपणात कमी झाला, २१ जणींचा होता तसाच राहिला आणि २३ जणींचा वाढला. प्रसूतीनंतर मात्र चित्र उलटले. शंभरांत ६५ जणींचा रोग बळावला. पाहणी लहान होती, तरी डॉक्टरांचा सर्वसाधारण अनुभवही असाच आहे. यावरून लक्षात ठेवावयाचे ते हे, की नऊ महिने सुखाचे गेले म्हणून बाळंतपणानंतर गाफील राहू नये, आणि तेव्हा चट्टे वाढले तर 'बाळाच्या पायगुणाने झाले' असे निष्पाप बालकाविषयी बोलू नये.

बाळावर काय परिणाम होतो? येथे सौम्य आणि तीव्र असा भेद केला पाहिजे. कोपरागुडघ्यांवर चार-दोन चट्टे असणे हा सौम्य रोग. अशा स्त्रियांच्या बाळांत व इतर स्त्रियांच्या बाळांत म्हणण्यासारखा फरक आढळत नाही. रोग अंगभर पसरलेला व तीव्र असेल तर काही धोके थोडे वाढतात : बाळाचे वजन कमी भरणे, दिवस भरण्यापूर्वी प्रसूती होणे, आईचा रक्तदाब किंवा साखर वाढणे. तैवानमध्ये देशभरच्या नोंदींवरून केलेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीव्र सोरायसिस असलेल्या मातांच्या बाबतीत कमी वजनाच्या बाळाची शक्यता सुमारे १.४ पट आढळली. सौम्य रोगाच्या मातांच्या बाबतीत ती वाढलेली आढळली नाही. १.४ पट हा आकडा ऐकून कोणी घाबरू नये. त्याचा अर्थ असा, की दहा बाळांत एखादे कमी वजनाचे होत असेल तर तेथे साधारण दीड होईल. उरलेली साडेआठ ठीकच असतात. मात्र एवढा इशारा पुरेसा मानून तीव्र रोग असलेल्या गर्भवतीची तपासणी अधिक काटेकोरपणे झाली पाहिजे. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन व बाळाची वाढ यांवर लक्ष ठेवले म्हणजे बहुतेक अडचणी वेळेवर कळतात.

येथे मला माता-भगिनींना एक कटू गोष्ट सांगावयाची आहे. सुनेच्या कोपरावरील चट्ट्याने ज्या घरात चिंता पसरते, त्याच घरात सकाळी मिश्रीची डबी सासूसुनांत सहज फिरते. मुंबईत १,२१७ गर्भवतींची पाहणी झाली. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. मिश्री व तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि प्रसूतीही सरासरी सहा दिवस आधी झाली. ज्याचे भय बाळगावयाचे त्याचे आपणांस भय वाटत नाही, आणि ज्याचे नाही त्याचे वाटते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला देता येणार नाही. सोरायसिस कोणी मागून घेतलेला नसतो. मिश्री मात्र टाकून देता येते.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, तो औषधांचा. सोरायसिसच्या काही गोळ्या गर्भास अत्यंत घातक आहेत. मेथोट्रेक्सेट ही त्यांतील मुख्य. आठवड्यातून एकदाच घ्यावयाची ही गोळी या रोगावर गुणकारी आहे; परंतु तिने गर्भपात होऊ शकतो व बाळात व्यंग येऊ शकते. म्हणून मूल हवे असेल तर काही महिने आधीच ती बंद करावी लागते. किती महिने ते डॉक्टर ठरवितात. दुसरी ॲसिट्रेटिन. हिचा अंश शरीरात फार काळ राहतो, म्हणून ती थांबविल्यावर तीन वर्षे गर्भधारणा टाळावी असा दंडक आहे. ज्या स्त्रीला पुढे मूल व्हावयाचे आहे तिला डॉक्टर ही गोळी शक्यतो देतच नाहीत. पण गेल्या साली आणलेल्या चिठ्ठीवर औषधांच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणण्याची आपली सवय अशा वेळी घात करते. लग्न ठरलेल्या मुलीने, तसेच मूल हवे असलेल्या विवाहितेने, आपण कोणत्या गोळ्या घेतो हे डॉक्टरांसमोर ठेवलेच पाहिजे. पतीला हा रोग असून तो गोळ्या घेत असेल तर त्यानेही विचारावे.

याचा अर्थ गर्भारपणात उपचारच नाहीत असा नव्हे. साधी मलमे, पेट्रोलियम जेली, खोबरेल तेल यांनी कातडी मऊ ठेवता येते. सौम्य व मध्यम शक्तीची स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या सल्ल्याने मर्यादित जागी लावता येतात. फार तीव्र मलमे मोठ्या प्रमाणात व दीर्घकाळ लावल्यास बाळाचे वजन कमी भरण्याचा संभव असतो. क्लोबेटासॉलसारखे मलम नायट्यावर, इसबावर, सर्व गोष्टींवर चोळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मोठ्या रुग्णालयांतून विशिष्ट किरणांचा उपचार मिळतो. तो गर्भवतीस निर्धोक मानला जातो. या किरणांनी शरीरातील फॉलिक ॲसिड घटू शकते, म्हणून त्याची गोळी चुकवू नये. काही स्त्रियांना नव्या प्रकारची जैविक इंजेक्शने चालू असतात. ती गर्भारपणाच्या उत्तरार्धात घेतली असतील तर बाळाच्या डॉक्टरांना जन्मापूर्वीच सांगून ठेवावे. कारण आपल्याकडे जन्मतःच दिली जाणारी बीसीजीची लस अशा बाळास पुढे ढकलावी लागू शकते.

आपला हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीचा लौकिक दूरवर आहे आणि कातडीच्या प्रत्येक तक्रारीवर हळदीचा हात फिरविणे आपल्या रक्तातच आहे. स्वयंपाकातील हळद गर्भवतीने जरूर खावी. परंतु हळदीच्या लेपाने सोरायसिस जातो या समजुतीवर विसंबून उपचार सोडू नये, आणि हळदीच्या अर्काच्या गोळ्या गर्भारपणात आपल्या मनाने घेऊ नयेत.

आमच्या नात्यातील एका मुलीची हकीकत सांगतो. ती पहिलटकरीण होती. तिसऱ्या महिन्यात सासरी चट्टे लक्षात आले. 'गर्भारपणात औषध नको' म्हणून घरच्यांनी तिची मलमे बंद केली, आणि त्यांबरोबर आरोग्य केंद्रातून मिळालेल्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्याही. त्यांच्या जागी बाजारातील एका फिरत्या औषधविक्याची पुडी सुरू झाली. पंधरा दिवसांत अंग स्वच्छ झाले. त्या माणसाची सर्वत्र स्तुती झाली. पुडी संपली आणि आठवड्याच्या आत सर्वांग लाल होऊन पोरीला ताप भरला. डॉक्टरांनी पुडीचे वर्णन ऐकताच तीत स्टेरॉइड असावे असा संशय व्यक्त केला. अशा बेनावाच्या पुड्यांत ते पुष्कळदा मिसळलेले असते. घेत असताना जादू दिसते आणि एकाएकी बंद होताच सोरायसिस भयंकर उसळतो. ती मुलगी वेळेवर रुग्णालयात पोहोचली, आणि आई व बाळ दोन्ही सुखरूप राहिली. त्या घरातील माणसे वाईट नव्हती. त्यांना बाळाची काळजीच होती. पण माहितीवाचून केलेली काळजी कशी उलटते हे त्यांनी पाहिले.

एक प्रसंग असा आहे की ज्यात क्षणाचाही विलंब चालत नाही. क्वचित, बहुधा शेवटच्या तीन महिन्यांत, अंगावर लाल जागेत पुवाने भरल्यासारख्या बारीक पुळ्यांचे थवे उठतात. ताप येतो, थंडी वाजते, गळून गेल्यासारखे होते. हा सोरायसिसचा गंभीर प्रकार होय. वर ज्यांचे नाव घेतले त्या हेब्रांनीच १८७२ साली अशा पाच गर्भवतींचे वर्णन केले. त्यांपैकी चौघी दगावल्या. आज उपचार असल्याने तशी स्थिती राहिली नाही, परंतु बाळ पोटात दगावण्याचा धोका अजूनही असतो. पुळ्यांत पू दिसला तरी त्या जंतूंमुळे झालेल्या नसतात. त्यांना देवी किंवा कांजिण्या समजून, कडुनिंबाचा पाला पसरून घरी बसू नये. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून मोठ्या रुग्णालयात जावे. हा प्रकार पुढील गर्भारपणात पुन्हा होऊ शकतो, म्हणून त्याचे कागद जपून ठेवावेत.

बाळंतपणानंतर बाळंतिणीच्या खोलीत ज्येष्ठ स्त्रियांचे राज्य असते. त्यांना माझी विनंती आहे. आईचे चट्टे बाळास लागत नाहीत; बाळाला तिच्या कुशीतून दूर करू नये. आईने बाळास अवश्य पाजावे. छातीवर मलम लावले असेल तर पाजण्यापूर्वी ते धुऊन पुसावे. मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्या अंगावर पाजत असताना चालत नाहीत, म्हणून रोग बळावला तरी जुन्या गोळ्या आपण होऊन सुरू करू नयेत. शेगडीच्या धगीने कोरडी कातडी अधिक तडकते. शेक बेताने द्यावा. आणि या दिवसांत ती मुलगी उगाच रडत असेल, तिला झोप येत नसेल, तर टोमणे न देता डॉक्टरांच्या कानावर घालावे. कातडीचा रोग मनासही पोखरतो.

राहिला वारशाचा प्रश्न. सोरायसिसकडे कल असणे हे काही अंशी रक्तातून येते, हे खरे. परंतु आईवडिलांपैकी एकाला तो असला तरी बहुसंख्य मुलांना तो होत नाही. दोघांनाही असल्यास शक्यता बरीच वाढते. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहे. एकाच घराण्यात दोन्ही बाजूंनी हा रोग असेल तर सोयरीक जुळविताना त्याचा विचार करण्यास हरकत नाही. तो वडीलधाऱ्यांनी समोरासमोर बसून करावा. मुलाच्या चट्ट्यांवर सदऱ्याची बाही ओढून घ्यावयाची आणि मुलीच्या चट्ट्यांची मात्र चर्चा करावयाची, हा न्याय नव्हे.

शेवटी, करावे काय? माझ्या तीन सूचना आहेत. पहिली : वधू-वर परिचयात रोग लपवू नये व त्यावरून कोणास नाकारूही नये, दोन्ही घरांनी डॉक्टरांचे मत एकत्र ऐकावे. दुसरी : लग्नानंतर मूल हवे असे ठरताच, दिवस जाण्यापूर्वी, त्वचारोगतज्ज्ञ व प्रसूतितज्ज्ञ या दोघांस औषधांची यादी दाखवावी. पूर्वी यासाठी नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची वाट धरावी लागे. आता हिंगोलीतही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले असून त्याचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. तिसरी : प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेस शासकीय आरोग्य केंद्रांतून गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. ही योजना २०१६ पासून चालू आहे. चौथ्या महिन्यापासून पुढे प्रत्येक गर्भवतीने तेथे जावे, आणि आपल्या सुनेला तेथे नेऊन पोहोचविणे हे घरातील पुरुषाने आपले काम समजावे.

माता-भगिनींनो, चट्टे कपड्याखाली झाकता येतात. गर्भातील बाळास मात्र आपल्या झाकण्याचा काही उपयोग नाही. त्याला उपयोग आहे तो उघडपणे विचारलेल्या एका प्रश्नाचा आणि वेळेवर मिळालेल्या एका उत्तराचा. तो प्रश्न विचारण्याचे धैर्य आपल्या लेकीसुनांना यावे असे वातावरण आपण घराघरांत निर्माण करावे, एवढी विनंती करतो.